दिवाळीचे कुटार, रोहिणीची रोपे

दसरा-दिवाळीच्या दिवसांत अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला जाऊन पाहा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना थ्रेशर धडधडत असतात आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर सोयाबीनच्या कुटाराचा ढीग वाढत असतो. त्यातले थोडे ढोरांपुढे पडते, थोडे अवकाळी पावसात भिजून काळे पडते आणि उरलेले हरभऱ्यासाठी वावर मोकळे करण्याच्या घाईत पेटवून दिले जाते. सहा-सात महिन्यांनी, रोहिणी नक्षत्राच्या तोंडावर, त्याच वावराचा धनी मिरचीची रोपे टाकायला कोकोपीटच्या विटा विकत आणतो. नारळाच्या सोडणाचा तो भुसा तमिळनाडू-केरळातून इथवर येतो. कोकोपीट चांगलेच आहे, मीही वापरतो. पण ट्रेमधला जवळजवळ तिसरा हिस्सा आपल्याच कुटाराच्या कंपोस्टने भरता येतो आणि त्यावर रोपे चांगली धरतात. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: कुजणे वेगळे आणि मुरणे वेगळे.

हे मला पहिल्या वर्षी कळले नव्हते. दोन महिन्यांत कुटार काळे झाले, वाफ थांबली, म्हणून मी ते चाळले आणि ट्रे भरले. मिरची उगवली, पण दुसऱ्या आठवड्यात पाने फिकी पडली, वाढ जागच्या जागी थांबली आणि खणातले मिश्रण निम्म्यावर खचले. रोप उपटून पाहिले तर मुळाची टोके तपकिरी झालेली. बियाणे चांगले होते, पाणीही वेळच्या वेळी दिले होते. चूक घाईची होती.

कुटारात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे. सोयाबीनच्या कुटारात एका भाग नत्रामागे साधारण चाळीस ते साठ भाग कर्ब असतो, गव्हाच्या कुटारात ऐंशी ते शंभर. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीसला एक हे प्रमाण मानवते. नत्र कमी पडले की ते मिळेल तिथून उचलतात. ढिगात उचलले तर आपले काही बिघडत नाही. पण अर्धवट कुजलेले कुटार ट्रेत गेले तर तोच व्यवहार रोपाच्या मुळाशी सुरू होतो. काही चमचे मिश्रणात वाढणाऱ्या रोपाकडे दुसरी शिल्लक नसते. त्यात अर्धकच्च्या कंपोस्टमधली आम्ले आणि अमोनिया कोवळ्या मुळांना जाळतात, आणि कुजणे चालूच राहिल्याने खण खचत जातो. शेतात टाकायच्या खताला थोडे कच्चेपण खपते, कारण तिथे जमीन ते सांभाळून घेते. ट्रेत सांभाळून घ्यायला काही नसते.

कोणते कुटार घ्यावे

तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार याला लावू नका. ते ढोरांचे आहे, आणि चाऱ्याच्या टंचाईत त्याला सोन्याची किंमत येते. ज्वारीच्या कडब्याचेही तेच. सोयाबीनचे कुटार मात्र गुरे तितक्या आवडीने खात नाहीत आणि आपल्याकडे त्याची कमी नाही. पावसात भिजून बुरसटलेले, चाऱ्यातून बाद झालेले कुटार या कामाला बिनदिक्कत चालते. थ्रेशरमधून आधीच बारीक होऊन येते, त्यामुळे कापायचीही कटकट नाही. गव्हाचे कुटार मार्चमध्ये हाती येते. ते पुढच्या हिवाळ्यातल्या रोपांसाठी धरावे, त्याच जूनसाठी नाही.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्या लाकडी असतात, श्रेडरमधून काढल्याशिवाय ढिगात घालून उपयोग नाही, आणि बारीक केल्या तरी सहा महिने घेतात. पण त्यांच्या कंपोस्टला पोकळपणा चांगला येतो. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1920च्या दशकात ज्या पद्धतीने कंपोस्ट केले, तिच्यात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या हाच मोठा प्रश्न होता. श्रेडर नव्हते. त्यांनी त्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली चुरू दिल्या आणि मग ढिगात घेतल्या. त्यांचे पुस्तक 1931 साली निघाले. बैलगाडी आता कमी झाली, पण ट्रॅक्टरच्या वाटेवर पऱ्हाट्या पसरून हा उपाय आजही करता येतो. फक्त शेवटच्या वेचणीनंतर त्या धुऱ्यावर रचून ठेवू नका. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची जी नासाडी केली ती सगळ्यांनी पाहिली आहे, आणि पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांतच ती पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. चांगल्या तापलेल्या ढिगाच्या पोटात ती वाचत नाही.

टमाटे, वांगी, मिरची यांची जुनी झाडे मात्र रोपांच्या कंपोस्टमध्ये अजिबात नकोत. मर आणि विषाणू त्याच कुळातल्या रोपांकडे परत नेण्यात शहाणपण नाही.

तणनाशकाबद्दलही कुटार घेतानाच विचारून ठेवावे. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर फवारतात, गव्हात टू-फोर-डी किंवा मेटसल्फ्युरॉन. टू-फोर-डीची हवा लागली तरी पऱ्हाटीचे पान कसे भेंडीच्या पानासारखे चिरत जाते, हे वऱ्हाडात सांगायला नको. टमाट्याचे रोप त्याहून हळवे. कुजताना यातले बरेच मोडून जाते, पण त्या भरवशावर राहू नये. त्याची तपासणी पुढे सांगतो.

ढीग

आपल्याकडे कंपोस्ट म्हटले की नाडेपचे नाव निघते, आणि ते रास्तच आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती पद्धत दिली. नाडेप हे नावही त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांतूनच झाले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके, त्यात काडीकचरा, थोडेसे शेण आणि भरपूर माती. थोड्या शेणात पुष्कळ खत, ही तिची ताकद. पण रोपांच्या ट्रेसाठी मी नाडेपचे खत घेत नाही. एका टाक्यात सतरा-अठरा क्विंटल माती जाते. आपली काळी माती ट्रेच्या खणात गेली की ओली असताना चिकट आणि सुकली की दगड. शिवाय टाके पलटत नाहीत, त्यामुळे सगळे कुटार सारखे तापत नाही, आणि रोग व तणाचे बी मारायला तापणेच हवे असते. नाडेप वावरासाठी ठेवा. रोपांसाठी मातीविना, पलटायचा ढीग लावा.

एका ढिगाला तीन क्विंटल कोरडे सोयाबीन कुटार, दीड क्विंटल ताजे शेण आणि साडेतीन किलो युरिया, असा माझा हिशोब आहे. गव्हाचे कुटार असेल तर युरिया सहा किलोच्या आसपास लागतो. युरियाचे नाव काढले की काही जण नाक मुरडतात. ज्यांना नको त्यांनी शेण दुप्पट-तिप्पट करावे, गोठ्यातले मूत्र गोळा करून शिंपडावे. नत्र कुठून आले याचा जिवाणूंना फरक पडत नाही, पुरेसे आले की नाही याचा पडतो.

कुटार आदल्या दिवशी पसरून भिजवा. ते वरून ओले दिसते आणि आतून कोरडे राहते, म्हणून एकदा भिजवून, उलटून, पुन्हा भिजवायचे. तीन क्विंटलला पाचशे लिटर पाणी सहज लागते. मूठ दाबली की बोटांच्या फटीत ओल दिसावी, एखादा थेंब सुटावा, धार लागू नये. मग सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी पाच फूट रुंद आणि साडेचार-पाच फूट उंच ढीग रचा: वीतभर कुटार, त्यावर शेणकाला, त्यात विरघळवलेला युरिया, पुन्हा कुटार. जुन्या चांगल्या कंपोस्टचे घमेलेभर विरजण मधल्या थरांत टाकले तर उत्तम. पायाने तुडवू नका, हवा हवी. याहून लहान ढीग हिवाळ्याच्या रात्री ऊब धरत नाही. वरून भिजवलेला बारदाना किंवा तुराट्यांचे झाकण घाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर काम सुरू झाले. कंपोस्टचा लांब दांड्याचा थर्मामीटर असेल तर 55 अंशांच्या वर, 65च्या आत असे तापमान काही दिवस राहायला हवे. 70च्या पुढे गेले तर लगेच पलटा, नाहीतर कामाचे जिवाणूच मरतात. पलटताना बाहेरची बाजू आत आणि आतली बाहेर, हे कटाक्षाने करा. रोगाचे बुरशीबीज आणि तणाचे बी बाहेरच्या थंड कातडीतच टिकून राहते. पहिली पलटी सहाव्या-सातव्या दिवशी, मग ऊब उतरेल तशी आठ-दहा दिवसांनी, अशा पाच पलट्या. प्रत्येक वेळी मूठ दाबून पाहायची आणि कोरडे असेल तर पाणी द्यायचे. ढीग तापतच नसेल तर बहुतेक वेळा तो कोरडा असतो. अमोनियाचा डोळे चुरचुरणारा वास आला तर नत्र जास्त झाले, थोडे कोरडे कुटार मिसळा. कुजका, नाल्यासारखा वास आला तर पाणी जास्त झाले, मोकळा करून पुन्हा रचा.

दिवाळीनंतर लावलेला ढीग अडीच-तीन महिन्यांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, ऊब सोडतो. इथे कुजणे संपते.

मुरणे

आता ढिगाला निदान सहा आठवडे तसेच राहू द्या. एप्रिलपर्यंत राहिले तर त्याहून चांगले. सावलीत, किंचित ओल ठेवून, बारदान्याखाली. वऱ्हाडातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडा ढीग चार दिवसांत वाळून खडखडीत होतो आणि मुरणे थांबते, म्हणून आठवड्यातून एकदा झारीने पाणी. या काळात अमोनियाचे नायट्रेट होते, आम्ले संपतात, बुरशी स्थिरावते. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, त्यामुळे माणूस कंटाळून इथेच चुकतो.

मुरले की नाही हे तारखेवरून ठरवू नका. मी तीन तपासण्या करतो. पहिली नाकाची: ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस घरात ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यायला हवा. आंबट किंवा झणझणीत आला तर परत ढिगात.

दुसरी मुळ्याच्या बियांची. एक भाग कंपोस्ट पाच भाग गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळा. दोन ताटल्यांत ओले फडके घालून प्रत्येकीत वीस-वीस बिया ठेवा, एकीला हे पाणी, दुसरीला साधे. मुळा तीन-चार दिवसांत मोड सोडतो. बिया मोजा आणि मुळाची लांबीही पट्टीने मोजा. कंपोस्टच्या पाण्यातली उगवण आणि लांबी साध्या पाण्याच्या ऐंशी टक्क्यांहून कमी असेल तर थांबा. उगवण सारखी पण मुळे आखूड, असे पुष्कळदा होते. ते कच्चेपणाचे किंवा क्षाराचे लक्षण आहे.

तिसरी तपासणी तणनाशकाची. अर्धे कंपोस्ट, अर्धे कोकोपीट भरून चार कुंड्यांत टमाटे आणि चवळी लावा, शेजारी दोन कुंड्या नुसत्या कोकोपीटच्या. तीन आठवडे पानांकडे लक्ष ठेवा. कंपोस्टच्या कुंडीतली कोवळी पाने वाटीसारखी वळली, शिरा एकमेकींजवळ आल्या, पिळवटली, तर तो ढीग रोपांना नको. एप्रिलच्या सुरुवातीला ही चाचणी लावली की मे महिन्यात निर्णय हातात असतो.

खारपाणपट्ट्यात

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना हे सगळे एका जादा अटीवर लागू आहे. कुटारात पालाश भरपूर असतो आणि कुजताना वजन निम्म्यावर आले की क्षारांचे प्रमाण वाढते. त्यात विहिरीचे खारे पाणी वर्षभर ढिगात ओतले तर सोडियमही साठतो. असे कंपोस्ट मोठ्या झाडाला चालेल, मिरचीच्या रोपाला चालणार नाही. ढीग भिजवायला, आणि निदान ट्रेला द्यायला, शेततळ्याचे किंवा छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी राखून ठेवा. ट्रेला पाणी लागतेच किती? शंभर ट्रेंना दिवसाला दीडशे-दोनशे लिटर धरा, भर उन्हाळ्यात त्याहून थोडे जास्त.

क्षार तपासायला ईसी मीटर लागतो. कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नमुना देता येतो. तयार मिश्रणाचा एक भाग आणि पाणी दोन भाग घेऊन मोजलेली ईसी 1 डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असावी, सामू साधारण 6 ते 7. नुसत्या कुटार-कंपोस्टचा सामू बहुधा साडेसात-आठ निघतो; कोकोपीट त्याला खाली ओढते. ईसी जास्त निघाली तर चाळलेले कंपोस्ट बारदान्यात भरून त्यावर दुप्पट गोडे पाणी हळूहळू ओता, निथळू द्या, सावलीत सुकवा. खाऱ्या पाण्याने धुऊन काही साधत नाही.

मिश्रण आणि ट्रे

सुकवट ओलीचे कंपोस्ट पाच-सहा मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला चाळ फेकू नका, पुढच्या ढिगाला विरजण म्हणून तोच चालतो.

बादलीच्या मापाने तीन भाग कंपोस्ट, सहा भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग परलाइट. परलाइट नसेल तर सात भाग कोकोपीट. हे प्रमाण पहिल्या वर्षासाठी. कंपोस्टची ईसी कमी निघाली आणि मुळ्याची चाचणी चोख उतरली तर पुढे चार भागांपर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे जाण्याचा मोह टाळावा: बारीक कण खणाच्या तळाशी बसतात, पाणी साचते आणि रोपे कोलमडायला लागतात. कोकोपीटही न धुता वापरू नका. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, आणि समुद्रकाठच्या भुशात मीठ असू शकते.

भरण्याच्या आठवडाभर आधी कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा मिसळून ठेवतो, क्विंटलला किलोभर. ओलसर, सावलीत, बारदान्याखाली. त्या आठवड्यात बुरशी कंपोस्टभर पसरते आणि रोपमरेला तोंड द्यायला आधीच जागा धरून बसते. वरून बुरशीनाशक ओतून तिलाच मारू नका.

98 खणांच्या ट्रेला सांडलवंड धरून अडीच-तीन लिटर मिश्रण लागते, म्हणजे लिटरभरापेक्षा कमी कंपोस्ट. तीन क्विंटल कुटारातून चाळून तीनशे लिटर जरी हाती आले तरी सव्वातीनशे ट्रे भरतात. मिरची 60 बाय 45 सेंटीमीटरवर लावली तर एकरी पंधरा हजार रोपे, मर धरून एकशे सत्तर ट्रे. एक ढीग दोन एकरांना जवळजवळ पुरतो.

मिश्रण भरण्याआधीच ओलसर करा, खणात हलके भरा, दाबू नका. अर्धा सेंटीमीटरचा खळगा, एक बी, वरून पातळ थर, झारीने पाणी. नंतर दहा-दहा ट्रे एकमेकांवर रचतात आणि वर पॉलिथिन टाकतात, पण रोहिणीत पारा 43-44 वर असताना ते उघड्यावर केलेत तर बी शिजते. थप्पी घराच्या थंड खोलीत ठेवा आणि पॉलिथिनऐवजी ओला बारदाना घाला. टमाटे तीन-चार दिवसांत, मिरची सहा-आठ दिवसांत डोके काढते. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे शेडनेटखाली मांडा. एक दिवस उशीर झाला की रोपे लांबट होतात.

कंपोस्टच्या मिश्रणात पालाश आधीच पुरेसा असतो, कमी पडलेच तर नत्र पडते. बाराव्या दिवशी खालची पाने फिकी वाटली तर 19:19:19 लिटरला दोन ग्रॅम, आठ दिवसांनी गरज असेल तरच पुन्हा. हिरवीगार असतील तर काही देऊ नका. नुसत्या कोकोपीटच्या सवयीने ठरल्या तारखेला खत सोडणारे इथे रोपे माजवून बसतात. पाण्याचेही तसेच: कंपोस्ट वरून काळे, ओले दिसते, म्हणून रंगावर जाऊ नये, ट्रे उचलून वजन पाहावे.

टमाट्याला बावीस-पंचवीस दिवस, मिरची-वांग्याला तीस-पस्तीस. शेवटचा आठवडा शेडनेट बाजूला करत जा, पाणी ताणून द्या. लावणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक ट्रेतून एक-दोन रोपे खेचून पाहा. खणाच्या आकाराचा गड्डा अखंड निघाला, बाजूंना पांढरी मुळे दिसली, तर पावसाची वाट पाहायला हरकत नाही. गड्डा फुटला तर चार दिवस आणखी थांबा, आणि त्या ट्रेच्या कडेला खडूने ढिगाची तारीख लिहून ठेवा. दिवाळीत नवीन कुटार भिजवताना ती तारीख समोर हवी.